बहात्तर जणींतली थोरली तार

मी एक जुनी तार आहे. विजेची नव्हे, कपडे वाळत घालायची नव्हे, कुंपणाची तर मुळीच नव्हे. मी मोटारीच्या चाकाची तार. मित्रांनो, हल्लीच्या मोटारींची चाकं तुम्ही बघता ती ओतलेली असतात, सगळी एका अंगाची. माझ्या काळात मोठ्या घरच्या मोटारीचं चाक सायकलीसारखं तारांचं असायचं. मधे तुंबा, म्हणजे आसावर बसणारा गड्डा, बाहेर लोखंडी कडं, आणि त्या दोघांना एकमेकांशी धरून ठेवणाऱ्या आम्ही बहात्तर जणी. त्यांतली थोरली मी. थोरली कशी म्हणाल, तर चाक बांधताना पहिली तार हवेच्या नळीशेजारच्या भोकात घालतात. ती मी. बाकीच्या एकाहत्तर माझ्या मागून आल्या. म्हणून बोलायचा पहिला हक्क माझा, आणि आज मी बोलणार आहे, कारण मला राग आलेला आहे. रागावलेल्या म्हातारीचं बोलणं गोड लागत नाही. ऐकायचं तर ऐका.

आधी आमचं काम समजून घ्या, कारण ते न समजताच लोकांनी आम्हाला मारलं. लोकांना वाटतं, तारा गाडीला खालून उचलून धरतात. आम्ही काही खांब नव्हे. आम्ही ओढून धरतो. प्रत्येकीनं आपापल्या बाजूनं ओढायचं, सगळ्यांनी सारखं ओढायचं, तेव्हा कडं गोल राहतं आणि गाडी सरळ चालते. एक जण ढिली पडली की तिचं ओझं तिच्या दोन शेजारणींवर. त्या थकल्या की त्यांच्या शेजारणींवर. तुमच्या घरातसुद्धा असंच चालत असेल. विचारा तुमच्या आईला.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडचा. तिथल्या कारखान्यात चाकं बांधणाऱ्या सगळ्या बायाच होत्या. एकीनं मला तुंब्यात घातलं, माझ्या टोकावर पितळी टोपी चढवली आणि बोटानं टिचकी मारून ऐकलं. मी टण्ण वाजले. ती हसली आणि दुसरी तार उचलली. एवढंच माझं कौतुक, पण ते जाणकार माणसाचं होतं. पुढं आयुष्यात हार खूप पडले, टिचकी मारून ऐकणारी माणसं मात्र दोन-तीनच भेटली.

बोटीनं आम्ही मुंबईला आलो, तिथून दौंडच्या रेल्वेतल्या एका साहेबाकडं. साहेबाची बदली झाली तेव्हा त्यानं गाडी विकली आणि ती घेतली राहू गावच्या म्हस्कू आबांनी. गाडी कुठल्या कंपनीची ते मी सांगत नाही. सांगितलं की तुम्ही किंमत विचारता.

म्हस्कू आबा उसाचे बागायतदार. माणूस रांगडा, पण हात हलका. गाडी राहूच्या मातीच्या रस्त्यावरून नेताना ते खड्डा चुकवायचे ते आमच्यासाठी, स्वतःच्या कमरेसाठी नव्हे. त्यांची बायको साखरबाई. ती लग्न होऊन आली ती याच गाडीतून, आणि त्या दिवसापासून गाडीला ती घरातलं माणूस मानत आली. दसऱ्याला आमची पूजा व्हायची. गाडी धुऊन अंगणात उभी करायची, झेंडूच्या माळा तारांतून ओवायच्या, हळदकुंकवाची बोटं ओढायची, कापलेल्या लिंबाला कुंकू लावून ते तुंब्याच्या बेचक्यात खोचायचं. तुंब्याच्या तोंडावर दोन पंखांचा एक मोठा नट असतो. लिंबू-नारळाचा मान चारांतल्या आमच्या एकट्या चाकाचा, म्हणून आमच्याच नटावर आबा नारळ फोडायचे. पाणी आत तुंब्यात शिरायचं, जिथं आमच्या माना वाकवून बसवलेल्या असतात. साखरबाई हात जोडून उभी राहायची. मग बायका घरात जायच्या, पुरणपोळ्या व्हायच्या, आणि पूजा संपली असं सगळ्यांना वाटायचं.

पूजा तिथं संपत नव्हती, मित्रांनो. माझा पहिला राग इथून सुरू होतो.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटलं की म्हस्कू आबा गाडी काढून दौंडला जायचे. तिथं पाशा मिस्त्रींचं सायकलीचं दुकान होतं. पाशा मिस्त्री चारी चाकं खाली घ्यायचे, रॉकेलमध्ये फडकं बुडवून एकेक तार पुसायचे, तुंब्यात साचलेली हळद आणि नारळाचा चोथा काडीनं कोरून काढायचे. मग किल्लीनं एकेकीला टिचकी. ढिली असेल ती आवळायची, ताठली असेल ती सैल करायची. चाक फिरवून बघायचं, कुठं वाकडं चालतंय ते हेरायचं. त्याला दुकानात आऊट काढणं म्हणतात. शेवटी मानेजवळ तेलाचा थेंब. आबा स्वतः बाकड्यावर बसून अर्ध्या तारा पुसायचे. संध्याकाळी जिलबीचा पुडा घेऊन घरी यायचे. साखरबाईनं विचारलं तर म्हणायचे, "बाजारला गेलतो."

गाडीतलं बायकांना काय सांगायचं, असा त्यांचा हिशेब. चाळीसेक वर्षं त्या घरात पूजा दोघांनी मिळून केली. पुढची अर्धी बाईनं पाहिली, मागची अर्धी पुरुषानं एकट्यानं केली, आणि मागची कधी पुढचीला सांगितली नाही. म्हस्कू आबांवर माझा जीव होता. तरी हा राग मी त्यांच्यावर धरून आहे, आणि ते गेले म्हणून तो सोडलेला नाही.

ते गेले त्याला आता चौदा वर्षं झाली. त्या वर्षीच्या दसऱ्याला साखरबाईनं नारळ मुलाच्या हाती दिला नाही. स्वतः फोडला. पदर खोचून, दोन्ही हातांनी, थेट पंखाच्या नटावर. "ह्यांनी जसं केलं तसंच व्हायला पायजे," म्हणाली. तसंच झालं. लिंबू, हळद, झेंडू, नारळ, सगळं तसंच. दुसऱ्या दिवशी मी वाट पाहिली. गाडी हलली नाही. आठ दिवसांनी माळा सुकल्या तेव्हा गड्यानं विचारलं, पुसून घेऊ का. साखरबाई म्हणाली, "पूजेचं पुसत न्हाईत."

लिंबाच्या पाण्यानं तांब्याचं भांडं कसं खरवडून निघतं ते तुम्ही घरी बघता ना? तेच लिंबू तुंब्यात कुजतं आणि वर्षभर लोखंडाच्या मानेला लागून राहतं. पुढच्या दसऱ्याला त्याच्यावर नवं लिंबू. चौदा वर्षं. बाहेरून आम्ही चकचकीत, फोटोत सुंदर. आतून माना गंजत चाललेल्या.

साखरबाईचा मुलगा मच्छिंद्र. त्यानं गाडी लग्नांना द्यायला सुरुवात केली. वराती, फेटे, धूर सोडणारी नळकांडी, वरून उडणारा कॅमेरा. कुणी नवरदेव आमच्या चाकावर पाय ठेवून फोटो काढायचा, बुटाची टाच माझ्या कमरेत. पाचवं चाक, म्हणजे आमची सख्खी बहीण, मच्छिंद्रनं हायवेवरच्या एका ढाब्याला भिंतीवर टांगायला देऊन टाकलं. तिच्यावर आता रंगीत दिवे लावलेत म्हणे. तिला विचारा, कसं वाटतं ते.

पहिली तार तुटली ती न्हावऱ्याच्या रस्त्यावर. उसाची ट्रॉली चुकवताना गाडी खड्ड्यात गेली आणि माझ्यापासून सहावी, टणकन, मानेतून. मच्छिंद्रनं गाण्याचा आवाज कमी केला, ऐकलं, पुन्हा वाढवला. महिन्याभरात तिची शेजारीण गेली. मग तिची. दोन वर्षांत अकरा जणी. चाक फिरलं की त्या आत खुळखुळायच्या. मच्छिंद्रनं त्यांना प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून टाकलं, आवाज येऊ नये म्हणून. बघा हं, दुखणं जात नाही याबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. आवाज नको होता.

आता जी गोष्ट सांगते ती गेल्याच उन्हाळ्यातली. मच्छिंद्रच्या मुलीचं, ईश्वरीचं लग्न शिरूरला ठरलं. साखरबाईनं नातीला लहानपणीच शब्द दिला होता, तुला आजोबांच्या गाडीतून पाठवणार. पत्रिकेवर गाडीचा फोटो छापला. राहूहून पारगावच्या पुलावरून न्हावऱ्याला, आणि तिथून शिरूरला, असा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता. मच्छिंद्रच्याही पोटात कुठंतरी भीती असावी, कारण त्यानं चाक काढून पाटसला एका वेल्डिंगवाल्याकडं नेलं. तो माणूस उसाच्या ट्रॉल्या जोडायचा. खरा बोलला बिचारा. म्हणाला, "दादा, ही नाजूक चीज हाय, माझं काम न्हाई." मच्छिंद्र म्हणाला, "लगीन पार पडूस्तोवर टिकलं म्हंजी झालं." त्यानं तुटलेल्या अकरा जणींना डाग दिला. त्या आगीनं शेजारच्या शहाण्यासुरत्या तारांचाही कणखरपणा गेला. वरून चंदेरी रंगाचा फवारा. मढ्याला पावडर लावतात तशी.

लग्नाला चार दिवस होते. मच्छिंद्र आईला घेऊन केडगावला साड्या आणायला निघाला. साखरबाई मागं बसलेली, बरोबर माझ्या वर. केडगावच्या स्टेशनाजवळ गाडी वळली आणि डाग दिलेल्यांतल्या चार जणी एकदम सुटल्या. एकीचं टोक ट्यूबमध्ये घुसलं. हवा गेली, कडं रस्त्याला टेकलं, गाडी एका अंगाला कलली. साखरबाईचं डोकं काचेवर आपटलं.

मच्छिंद्र उतरला आणि चाकाला लाथ मारली.

"लाथ कुणाला मारतूस?" साखरबाई आतूनच म्हणाली. "त्या चाकाची म्या पूजा करती. तुझी न्हाई केली कवा."

मग त्यानं पंखाचा नट लोखंडी हातोड्यानं ठोकायला घेतला, तोही उलट्या बाजूला. ठोकेल तसा नट आणखी आवळत गेला. बघणाऱ्यांतला एक म्हातारा म्हणाला, "पाव्हणं, त्याच्यावर बाण काढलाय की, कुणीकडं फिरवायचं त्यो." केडगावातल्या दोन दुकानांनी चाक बघून हात वर केले. तिसऱ्यानं सांगितलं, दौंडला मुमताज भाभीकडं जा, हे तीच करंल.

मालाच्या टेम्पोत चाक टाकलं. मच्छिंद्र आईला म्हणाला, तू रिक्षानं घरी जा. साखरबाई तोवर टेम्पोत ड्रायव्हरशेजारी चढून बसली होती.

मुमताज म्हणजे पाशा मिस्त्रींची बायको. मिस्त्री गेल्यावर दुकान तिनंच चालवलं. साठीची बाई, चष्मा दोऱ्यानं बांधलेला, बोलणं किल्लीसारखं, फिरवलं की आवळतंच. तिनं चाक स्टँडवर चढवलं, फिरवलं, आणि किल्लीनं टिचक्या मारत गेली. टण. टण. थप.

"ही मेली," ती म्हणाली. टण. थप. "ही बी मेली. ही मरायला टेकली. कुणी डाग दिलाय हा?"

"पाटसला," मच्छिंद्र म्हणाला. "चांगला ट्रॉल्यावाला हाय, भाभी."

"मग ट्रॉलीतच न्यायची नवरी."

"चेष्टा नका करू. चार दिवसांवर लगीन हाय. तेवढं निभवा."

"निभवायला म्या काय तुमची आत्या हाय?" तिनं टायर उतरवला. तुंब्याच्या आत स्क्रूड्रायव्हर घालून कोरलं. आतून पापुद्रा निघाला, पिवळट तांबडा, बोटभर जाड म्हटलं तरी चालेल. त्यात हळद होती, कुंकू होतं, नारळाच्या शेंड्या होत्या, झेंडूची काळी पडलेली पाकळी होती. तिनं ते ओंजळीत घेऊन बाकड्यावर बसलेल्या साखरबाईसमोर धरलं. "काकी, हे काय?"

"देवाचं हाय. हात नीट लाव."

"देवाचं आसंल, न्हाई म्हणत न्हाई. पर तुमच्या तारा ह्यानंच खाल्ल्यात."

साखरबाई उठून उभी राहिली. काठी टेकून, पण ताठ. "माझ्या नारळानं गाडी मोडली म्हणतीस? आगं, चाळीस वर्सं आमच्या मालकांनी ह्याच जागी नारळ फोडला. तवा कशी न्हाई मोडली?"

"मोडली न्हाई, कारण दुसऱ्या दिवशी आबा हितं असायचे."

"कुठं?"

"तुम्ही आत्ता उठलात ना, त्या बाकड्यावर."

साखरबाई बाकड्याकडं बघत राहिली.

"म्या नवी नवरी व्हते तवापास्नं बघते," मुमताज म्हणाली. "दसऱ्याचा दुसरा दिवस म्हंजी राहूच्या आबांचा. आमच्या घरात त्या दिवशी दुसरं काम घेत नव्हते. चारी चाकं खाली, सगळ्या तारा रॉकेलनं पुसून, आतलं कोरून. निम्म्या तारा आबा सोता पुसायचे. फडकं घरून आणायचे, जुन्या बनियनचं. म्हणायचे, नव्या कापडाचा धागा अडकतो."

"बनियनचं," साखरबाई म्हणाली.

"व्हय."

"दर दसऱ्याला दोरीवरचं बनियन गायब व्हायचं. म्या शेवंताबाईवर आळ घेतला. भांडी घासायला यायची आमच्याकडं. तीन वर्सं बोलले न्हाई तिच्याशी." ती खाली बसली. "मला म्हणायचे, बाजारला गेलतो."

"बाजार बी करायचे. जिलबी घ्यायचे कोपऱ्यावर."

"जिलबी आणायचे, खरं हाय." मग आवाज न चढवता, "मला का न्हाई सांगितलं?"

"ते मला काय ठावं, काकी. आमच्या मिस्त्रींनी तरी मला कुठं शिकवलं? त्यांचे डोळे गेले तवा गरज पडली म्हणून शिकवलं."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी चौदा वर्षांचं सगळं बोलले असते. पण साखरबाईच्या चेहऱ्याकडं बघून वाटलं, तिला आता कुणी काही बोलायची गरज नाही. नवऱ्याच्या मागं त्याचं काम जसंच्या तसं चालवलं, याच एका गोष्टीवर ती चौदा वर्षं ताठ उभी होती.

मच्छिंद्रला मात्र घड्याळ दिसत होतं. "आई, झालं गेलं जाऊ दे. भाभी, नव्या तारा किती दिवसांत बसतील?"

"ह्या मापाच्या पुण्याहून करून आणाव्या लागत्यात. धा-बारा दिवस."

"मग आता डाग देऊनच चढवा. हळू नेतो. चाळीस किलोमीटरचा तर प्रश्न हाय."

"म्या चढवणार न्हाई."

"पत्रिकेवर फोटो छापलाय, भाभी. समदं शिरूर वाट बघतंय."

"बघू दे."

"मग माझं चाक मला द्या. दुसरीकडं नेतो." त्यानं पुढं होऊन चाक स्टँडवरून उचललं. तुटक्या तारा खुळखुळल्या.

मुमताज आडवी गेली नाही. हात पुसत म्हणाली, "ने. तुझं हाय. म्या अडवणारी कोण? फक्त पारगावच्या पुलावर गाडी आली म्हंजी आतल्या माणसाला सांग, हे चाक मुमताजनं केलेलं न्हाई."

चाक तुटलं तर काय होतं ते माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एका बाजूच्या तारा सुटल्या की कडं पत्रावळीसारखं दुमडतं. गाडी त्या बाजूला ओढते, सुकाणू हातात राहत नाही. पुलावर ती बाजू म्हणजे कठडा, आणि कठड्याखाली भीमा. मागच्या सीटवर, माझ्या बरोबर वर, शालू नेसलेली चोवीस वर्षांची पोर.

"मच्छिंद्र," साखरबाई म्हणाली. "खाली ठेव."

"आई, तूच शब्द दिलाय तिला. आजोबांच्या गाडीतून पाठवणार म्हणून. आता तूच—"

"म्या दिला. म्याच मोडती. खाली ठेव."

त्यानं ठेवलं नाही. हातात धरून उभा राहिला. साखरबाई मुमताजकडं वळली. "ह्या तारा कापायच्या कशानं?"

"कटरनं."

"दे मग. हा आत्ता ठेवंल आन् उद्या परत न्हेईल. म्या वळखते ह्याला. तारा कापल्या की न्यायला काय ऱ्हातच न्हाई."

मच्छिंद्रनं चाक खाली ठेवलं.

"समद्याच कापायच्या?" साखरबाईनं विचारलं. "साठ तर धड दिसत्यात."

"दिसत्यात. आतून गंजल्यात. नव्यांत जुन्या मिसळल्या तर नव्या ओढतील आन् जुन्या मोडतील. कापायच्या तर समद्या."

मुमताजनं किल्लीनं आम्हाला एकेक करून सैल केलं, कारण ताणलेली तार कापली की ती डोळ्यात उडते. मग कटर साखरबाईच्या हाती दिला. जन्मभर कडबा तोडलेले हात होते ते, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही पकडीत कमी नव्हते. कट. माझी डावीकडची शेजारीण. कट. उजवीकडची. सत्तर वर्षं माझ्या खांद्याला खांदा लावून ओढलेल्या, एकेक करून जमिनीवर पडत गेल्या. साखरबाई प्रत्येक वेळी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं देवाचं नाव असेल. जवळून ऐकलं तर ती म्हणत होती, "बाजारला गेलतो. बाजारला गेलतो."

माझ्या मानेला कटर लागला तेव्हा मुमताज म्हणाली, "ही नळीशेजारची राहू द्या, काकी. आन् आतल्या रांगेतली एक आखूड. मापाला लागतील." तिनं आम्हा दोघींना अख्खं काढून घेतलं. म्हणून मी आज बोलते आहे. मला यात आनंद वाटला का, असं विचाराल तर नाही. सत्तर जणी गेल्या आणि आम्ही दोघी नमुना म्हणून उरलो, याचा कसला आनंद?

लग्नाच्या दिवशी ईश्वरी मामाच्या जीपमधून गेली. गाडी केडगावहून उचलून आणून राहूच्या अंगणात विटांवर उभी केलेली होती. शिरूरच्या मांडवात कुणीतरी पाहुणा हसून म्हणाला, पत्रिकेतली गाडी कुठं दिसत नाही ती. साखरबाई म्हणाली, "गाडी दवाखान्यात हाय. नवरी धड आलीया, तिच्याकडं बघा." हे मला तिनं मुमताजला सांगितलं तेव्हा कळलं. शब्द मोडल्याचं तिला लागलेलं होतं. सांगताना ती दुसरीकडं बघत होती.

तारा तेराव्या दिवशी आल्या. चाक बांधायला घेतलं त्या दिवशी साखरबाई सकाळीच दुकानात हजर झाली, आणि सोबत ईश्वरीला घेऊन आली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली पोर, हातावरची मेंदी पुरती उतरलेली नव्हती. मुमताजनं पहिली नवी तार नळीशेजारच्या भोकात घातली, माझ्या जागी, आणि मला शेजारी धरून लांबी ताडून पाहिली. दुपारपर्यंत बहात्तर पुऱ्या झाल्या. मग टिचक्या. मुमताजनं ईश्वरीच्या हातात किल्ली दिली.

"वाजव. वेगळी वाजंल ती दाखव."

ईश्वरीला पहिल्यांदा सगळ्या सारख्याच वाटल्या. तिसऱ्या फेरीला ती एका तारेशी थांबली. "ही जरा खाली बोलतीय."

"आवळ तिला. अर्धा फेरा. जास्त न्हाई."

ईश्वरीनं आवळलं आणि मग वैतागून म्हणाली, "आजी, मला काय करायचंय हे शिकून? मी काय गॅरेज टाकणार हाय का?"

"तुझ्या आजोबांनी बी माझ्याबद्दल तसंच धरलं व्हतं," साखरबाई म्हणाली. "पुढची वाजव."

बहात्तरही तारा वाजवून मगच ईश्वरीनं किल्ली खाली ठेवली. तेवढ्यात मच्छिंद्र चाक न्यायला आला. त्याच्या हातात झेंडूचा हार होता, नव्या चाकासाठी आणलेला. साखरबाईनं हार त्याच्या हातातून घेतला, बाजूला खुंटीला अडकवला आणि त्याच्या हातात रॉकेलचं फडकं दिलं. "आधी हे."

मच्छिंद्र उकिडवा बसून पुसायला लागला. पुसणंही त्याला नीट येत नव्हतं. अजूनही येत नाही, असं ऐकते.

आता मी मुमताजच्या दुकानात भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली आहे. कुणी जुन्या चाकाचं काम घेऊन आला की मला खाली काढतात, माप घेतात, पुन्हा वर. जेवढ्या नव्या तारा कापल्या जातात त्या माझ्या लांबीच्या निघतात. माझा राग गेलेला नाही आणि जाऊ नये, अशी माझी इच्छा आहे, कारण तो गेला तर हे सगळं कुणी सांगायचं?

तर मित्रांनो, पूजा करा, माझी काही हरकत नाही. पण जिची पूजा करता तिच्या मानेवर हात फिरवून बघा, ओली आहे का कोरडी ते. तुटलेलं काही खुळखुळलं तर ते बांधून गप्प करू नका. आणि तुमच्या घरात कुणी मोठं माणूस एखादं काम एकटंच, कुणाला न सांगता करत असेल, तर त्याच्या मागोमाग जा. बाजारला जातो म्हणाला तरी जा. त्याला राग आला तर येऊ द्या. तो म्हणेल, तुला काय कळतंय यातलं. त्याला सांगा, तुम्ही दाखवलंत तर कळेल. आणि त्यानं दाखवेपर्यंत तिथून हलू नका.